साठ सशांचे डोळे

चूक कमळाकर तात्यांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत डोकं चालवत बसायला नको तुम्हाला. मॅडमची नाय, टेम्पोवाल्याची नाय, आणि त्या बिचाऱ्या सशांची तर नायच नाय. कमळाकर तात्या, वय चौसष्ट, माझ्या बापाचे थोरले भाऊ, सापगावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्याचे मालक, कारागीर, मॅनेजर आणि हायकोर्ट, सगळं एकच. त्यांची चूक. त्यांना विचारलंत तर काय म्हणतील माहितीय? "कसली चूक? मी तर उलट सुधारून दिलं!"

सुधारून दिलं! हा शब्द ऐकला ना की मी उठून बाहेर जातो. आमच्याकडची म्हातारी माणसं काय बिघडवतच नायत हो, सगळं सुधारूनच देतात. मोबाईल सुधारला, आता त्याला आवाज नाय. माझी दाखल्यावरची जन्मतारीख सुधारली, आता मी कागदोपत्री माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान आहे. आणि ससे. ससे सुधारले.

आता तुम्ही म्हणाल, गणपतीच्या कारखान्यात ससे कुठून आले? थांबा ना, सांगतो. मार्च महिना. मार्चमध्ये आमच्या कारखान्यात काय असतं? धूळ असते. गेल्या वर्षीचे न खपलेले चार गणपती असतात, अंगावर आत्याची जुनी साडी पांघरून. आणि मी असतो. मी डिप्लोमा सोडलेला माणूस. दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते विचारू नका, सगळ्यांचं विचारून झालंय. तात्या रोज सकाळी विचारतात, "मग, पुढं काय ठरवलंस?" आणि उत्तराची वाट न बघता बशीतल्या चहाला फुंकर मारतात. धोंडूआत्या, म्हणजे तात्यांची बहीण, नवरा गेल्यापासून इथंच असते, साच्यांना तेल लावायचं काम तिच्याकडं, ती तर विचारतही नाय, ती थेट जाहीर करते. "इंजिनेर व्हनार होता गो आमचा, आता काथ्या पिंजतो!" कोणाला? दूधवाल्याला. गॅसवाल्याला. एकदा राँग नंबर लागला होता, त्याला पण सांगितलं, तो बिचारा पाच मिनिटं हं हं करत होता.

मला काय वाटलं? काय नाय वाटलं. एक वेळ येते ना, पायाला मुंग्या येऊन येऊन मग मुंग्या पण येत नायत, तसं.

तर मी काय केलं, साचा उघडतानाचा एक व्हिडिओ टाकला मोबाईलवर. रबराचा साचा सोलला की आतून मूर्ती निघते, लोकांना ते बघायला आवडतं, का आवडतं देव जाणे. आणि तो बघून फोन आला. निशिगंधा मॅडम. ठाण्याला यांचा मोठा वर्कशॉप, लग्नाचे सेट, मॉलमधली सजावट, रिसॉर्टवरचे सणवार, सगळं बनवतात. मॅडम म्हणाल्या, "स्वरूप, मला साठ चॉकलेटचे ससे हवेत. खोटे."

"खोटे म्हणजे?"

"म्हणजे दिसायला चॉकलेट, पण चॉकलेट नाही. ईस्टरसाठी. टोकावड्याच्या पुढे एक रिसॉर्ट आहे, मागच्या वर्षी आम्ही तिथे खरे ठेवले होते."

खरे! एप्रिलमध्ये! मुरबाडात! अहो आमच्याकडं एप्रिलमध्ये माणूस वितळतो, चॉकलेटची काय कथा. अकरा वाजता ससे बसवले, साडेअकराला ते झोपले, बाराला त्यांचा रस्सा झाला, आणि राहिलेलं माकडांनी नेलं. एक माकड म्हणे अजून रोज त्या वेळेला येऊन बसतं.

ही ऑर्डर मी घरी सांगितली. चुकलो. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ससा कशाला पन?"

म्हटलं, ईस्टरला ससा अंडी आणतो.

"ससा? अंडी घालतो?"

"घालत नाय तात्या. आणतो."

"कोनाची?"

मी म्हटलं मला नाय माहीत, मुलांसाठी असतं ते. तर आत्या आतून, "कोंबडीचीच असतील, दुसऱ्या कोनाची बरं एवढी पडतात?" आणि मग त्या दोघांची अर्धा तास चर्चा, की सशाला अंडी परवडतात कशी. मी तिथंच उभा. ऑर्डर माझी, सण तिसऱ्यांचा, आणि ठराव यांचा चाललाय.

पण खरी गोष्ट ती नाय. खरी गोष्ट मॅडमच्या फोनच्या शेवटी होती. मॅडम म्हणाल्या, "हे बघ, माझा मोल्डिंगचा माणूस सोडून चाललाय. ही ऑर्डर नीट दिलीस ना, एक मेपासून तू ये. राहायची सोय वर्कशॉपच्या वरच आहे." तुम्हाला सांगतो, मी फोन ठेवला आणि कारखान्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. आनंद वगैरे नाय झाला. फक्त ऐकू आलं सगळं, म्हणजे बाजूच्या शेतातला पंप चालू होता तो पहिल्यांदा ऐकू आला. इथून जायला मिळणार होतं. कोणी रोज सकाळी बशीत फुंकर मारत विचारणार नव्हतं.

मग मी कामाला लागलो. असा लागलो की मला मीच ओळखेना. आधी शाडूचा एक ससा घडवला, हातभर उंच, पुढचे पाय पोटाशी, कान ताठ. मॅडमला व्हिडिओ कॉल लावला. मॅडम बघतायत, बघतायत, म्हणतायत, "छान आहे... पण खेळणं वाटतंय. चॉकलेट नाही वाटत. काहीतरी कमी आहे." मी म्हटलं काय? "अं... कोणीतरी खाल्लंय असं वाटलं पाहिजे."

कोणीतरी खाल्लंय. मी फोन बाजूला ठेवला, सशाचा डावा कान तोंडात घेतला आणि चावलो. कच्च्या शाडूला. चव विचारू नका, पाऊस पडून गेलेल्या ग्राउंडवर तोंडावर पडल्यासारखी. पण कानाचा शेंडा गेला, आणि तिथं अर्धा चंद्र उमटला, दातांच्या रेघांसकट! माझा वरचा एक दात जरा पुढं आहे ना, हा बघा, त्याची खाच पण उमटली. मॅडम ओरडल्याच. "हेच! हेच हवं होतं! हातच लावू नकोस आता!"

तर असा तो चावा. डिप्लोमात दोन वर्षं मशीन ड्रॉईंग काढलं, एकाही शीटवर कोणी 'हेच' म्हणालं नाय. दातानं काढलं तर म्हणाले.

त्यावरून साचा केला. रबराचा. मग प्लास्टर, त्यात काथ्या, म्हणजे कान मोडायला नकोत, रोज तीन तीन, चार चार. रंगाला तर पाच दिवस गेले. पहिला हात मारला, शेणाचा ससा दिसला. दुसरा मारला, चिक्कीचा. मग लाल, काळा, थोडा पिवळा, कडेला गडद फवारा, वर लॅकर, आणि एका दुपारी बघतो तर काय, चॉकलेट! अगदी वितळायच्या बेतात आलेलं चॉकलेट. पुरावा पाहिजे? धोंडूआत्यानं एक चाटला. मी दारातून बघितलं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, उचलला आणि चाटला. मग थुंकली आणि म्हणाली, "मेल्या, गोड पन नाय!" अख्ख्या आयुष्यात मला मिळालेलं एकमेव सर्टिफिकेट.

आणि तात्या? तात्या जाता येता थांबायचे. रांगेतल्या सशांच्या कानाकडं बघायचे. "च्च." बस्स, एवढंच. पुढं जायचे. येताना परत, "च्च." मी म्हटलं काय झालं, तर म्हणायचे काय नाय. अहो तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं! ज्या घरात रोज दहा सल्ले मिळतात तिथं एक माणूस नुसता च्च करून गप्प बसतो, म्हणजे तो सोडून देत नाय, तो साठवतोय!

बुधवारी साठच्या साठ ससे तयार. लॅकर सुकलेला. आणि बुधवारीच मॅडमचा मेसेज, "उद्या वर्कशॉपला येऊन जा, सगळ्यांना भेट, मशीन बघ. शुक्रवारी जा परत." टेम्पो शनिवारी सकाळी निघणार होता, रविवारी ईस्टर, पण पाहुणे आदल्या दुपारपासूनच. म्हटलं काय हरकत आहे? सगळं तर झालंय. खोक्यात भरायचं तेवढं बाकी, ते शुक्रवारी संध्याकाळी करू. घरी नोकरीचं पण सांगून टाकलं.

गेलो. तुम्हाला सांगतो, ती जागा... मोठी शेड, उंच छत, एका कोपऱ्यात थर्माकोलचा अर्धा हत्ती, दुसऱ्या कोपऱ्यात कोणाच्या तरी लग्नाचं जहाज. सगळे कानाला गाणी लावून आपापलं काम करतायत, कोणी कोणाला काय विचारत नाय. वर लोखंडी जिन्यानं गेलं की पोटमाळा, एक कॉट, एक खिडकी. खिडकीतून काय दिसतं? समोरच्या कंपनीची भिंत. नुसती भिंत. मी त्या कॉटवर बसून अर्धा तास भिंत बघितली, इतकं बरं वाटलं की काय सांगू. ओळखीचं कोणी नाय त्या भिंतीवर!

शुक्रवारी संध्याकाळी सापगावला आलो. कारखान्यात शिरतो तर ससे नायत. टेबल रिकामं. आणि कोपऱ्यात बघतो तर खोकी! बारा खोकी, पेंढा घालून, सुतळीनं घट्ट आवळलेली, वर तात्यांच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं, 'ससे ५ नग', 'ससे ५ नग', सगळ्यांवर. तात्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "दमून आला असशील. सगळं तयार करून ठेवलंय. काय बघू नको आता, जेव आनि झोप."

आता मला सांगा. तुम्ही काय केलं असतं? खोकं उघडलं असतं? मी नाय उघडलं. अहो चोवीस वर्षांत पहिल्यांदा या माणसानं माझं एक काम, टोमणा न मारता, मी न सांगता करून ठेवलं होतं! आत्यानं ताटात दुसरा बोंबील वाढला, न मागता! मला वाटलं, चला, मी जाणार म्हणून मऊ झालीत माणसं. मी जेवलो आणि झोपलो. चूक तात्यांचीच, पण झोप माझी, ते मी मान्य करतो.

शनिवारी सकाळी टेम्पो किन्हवलीवरून सरळगाव, मग टोकावडे, मग रिसॉर्ट. हिरवळ एवढी की बाजूच्या डोंगराला लाज वाटावी. मॅडम आधीच पोचलेल्या, रंगीत अंडी टांगतायत, फुलांच्या टोपल्या लावतायत. रिसॉर्टचा बागेचा मुख्य माणूस अनंता, वरच्या वाडीतला, काळाकभिन्न, हसरा, तो म्हणाला, "दादा, मी सोडतो खोकी, तुमी मांडा." सुतळी कापली. पेंढा बाजूला केला. एक ससा वर काढला.

आणि अनंता हसायचा थांबला. त्यानं तो ससा दोन्ही हातांत धरला, हळूच गवतावर ठेवला. आणि पायातली चप्पल काढली.

मी पुढं झालो. बघितलं.

कान पूर्ण. दोन्ही. चावलेला शेंडा प्लास्टरनं भरलेला, घासलेला, रंगवलेला, जोड शोधून सापडणार नाय असं काम. आणि डोळे. मी सशाला डोळे ठेवलेच नव्हते हो, चॉकलेटला कुठं डोळे असतात? नुसता खळगा होता, तपकिरी. आता तिथं पांढरेशुभ्र डोळे. लांबट. बाहेरच्या कोपऱ्याला जरासा लालसर हात, काळी बाहुली, तिच्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका, वर भुवईची एकच रेघ. शांत. प्रेमळ. अर्धवट मिटलेले. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले डोळे. फक्त कपाळावर गंध तेवढं राहिलं होतं.

साठ ससे. एकशेवीस डोळे. आणि कुठंही उभं राहा, ते तुमच्याकडंच बघतायत. ही तात्यांची खासियत, लोक भिवंडीवरून येतात त्यासाठी.

मॅडम आल्या. एक पाऊल डावीकडं गेल्या. एक पाऊल उजवीकडं गेल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "स्वरूप... हे माझ्याकडे का बघतायत?"

मला काय वाटलं? काय नाय वाटलं. मी फोन काढला आणि तात्यांना लावला.

"तात्या, काय केलंत?"

"पोचला का माल? एक फुटला नाय ना?"

"कान का भरले?"

"अरे, साठच्या साठ खंडित! आमच्या बापापासून या दारातून खंडित वस्तू बाहेर गेली नाय. माझी झोप उडाली होती. आत्यानं भरले कान, मी घासले. दोन दिवस बसलो आमी, पाठ मोडली तिची."

"ते मुद्दाम चावलेले होते!"

"मग चुकून चावलास असं कुठं म्हनतोय मी? भूक लागते मानसाला."

भूक! भूक लागली म्हणून मी प्लास्टर खाल्लं असं याचं मत! म्हटलं, "आणि डोळे?"

तात्या एकदम मऊ आवाजात, जसं लहान पोराला समजावतात, "स्वरूप, आंधळे पाठवनार होतास? आखनी केल्याशिवाय कसं जायचं बाहेर? मी आंघोळ करून बसलो. उदबत्ती लावली. एवढे छोटे डोळे कधी केले नव्हते, हात थरथरेल वाटलं, पन नाय थरथरला रे. बघ एकदा निरखून. माझ्याकडनं तुला, जातानाचं म्हनून."

आखणी म्हणजे डोळे रंगवणं. मूर्तीचं शेवटचं काम, ते फक्त तात्या करतात, दुसऱ्या कोणाला ब्रश लावू देत नायत, मी बारा वर्षांचा असल्यापासून तिथं आहे, मला एक पापणी काढू दिली नाय. आणि सशांना काढून दिले. मला निरोप म्हणून. आता या माणसावर ओरडायचं कसं, सांगा ना! धड वाईट तरी वागायचं होतं!

मी फोन ठेवला. मॅडम बाई हुशार, रडत बसणारी नाय. घड्याळ बघितलं. म्हणाल्या, "पाहुणे दुपारी येतील. तीन तास आहेत. कान राहू देत, डोळे घालव. ब्राऊन स्प्रे आहे ना टेम्पोत? दहा सेकंदाचं काम आहे एकेकाचं." बरोबर होतं. अगदी बरोबर! तपकिरी डबा मी सोबत ठेवलेलाच, वाटेत टवका उडाला तर म्हणून. साठ ससे, दहा दहा सेकंद, दहा मिनिटांत खेळ खलास आणि माझी नोकरी पक्की.

मी डबा आणला. हलवला. खडखड खडखड. पहिल्या सशासमोर उकिडवा बसलो. मागं अनंता उभा, अनवाणी. आणखी दोन बायका सफाईवाल्या येऊन उभ्या राहिलेल्या, पदर डोक्यावर. अनंता म्हणतो, "दादा, नका करू. उघडलेलं डोळं मिटवत नाय." मी म्हटलं, अरे ससा आहे तो. "ससा हाय ते दिसतंय मला. पन बघतोय ना."

मी म्हटलं गप्प बस. आणि डबा धरला. वीतभर अंतरावर. बोट दाबायचं फक्त.

तुम्हाला सांगतो, मी देव वगैरे मानत नाय. दहावीपासून नाय. घरच्या आरतीला मी मोबाईल बघत उभा राहतो. तात्यांचा मला इतका राग आहे की कधी कधी त्यांच्या चपलांचा पण येतो. आणि समोर काय होतं, प्लास्टर, मीच ओतलेलं, मीच! साचा माझा, रंग माझा, आतला काथ्या मी पिंजलेला! तरी बोट हलेना. तो बघतोय. डाव्या डोळ्यात तात्यांचा ब्रश कुठं टेकला, कुठं उचलला, ते मला दिसतंय, कारण लहानपणापासून तेच बघत आलोय, श्वास रोखून. या कोपऱ्याला ते नेहमी दोन क्षण थांबतात. इथं थांबलेले.

मला काय वाटलं? काय नाय वाटलं हो. बोट हललं नाय, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं?"

मी म्हटलं, "नोझल जाम आहे."

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, दाबला. फुस्स. मस्त चालू. सरळ सशाच्या तोंडावर. पण वर तात्यांनी घट्ट वार्निश मारलेलं, त्यावर रंग धरेचना, डोळ्यांतून तपकिरी ओघळ खाली आले, गालावरून, पोटावरून. आता तो बघतही होता आणि रडतही होता. सफाईवाल्या बायकांतली एक "अगो बाय!" करून पळाली. मॅडमनी डबा खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. वर्गात सर वहीवरून नजर फिरवून वही परत देतात ना, तसं. म्हणाल्या, "मांडून टाक."

मांडले. दुपारी पाहुणे आले. मुलं ओरडत आली हिरवळीवर, अंडी शोधायची होती त्यांना, आणि दहा पावलांवर येऊन गप्प झाली. एवढी गप्प मुलं मी शाळेत पण बघितली नायत. एकानं आपलं वेफर्सचं पाकीट सशासमोर ठेवलं आणि मागं सरला. कोणाची तरी आजी आली, पर्समधून कुंकवाची डबी काढली, आणि संपलं! एकीनं लावलं ना, की मग रांग लागते. संध्याकाळपर्यंत साठही सशांच्या कपाळावर कुंकू, पायाशी जास्वंद, जिथं तिथं खडीसाखर. अंडी कोणी शोधलीच नायत. ती दुसऱ्या दिवशी माकडांना सापडली.

ज्या कुटुंबानं ईस्टर ठेवला होता ते चांगले लोक, वसईचे. त्यांचे आजोबा हसले, म्हणाले, "एवढे सज्जन ससे आम्ही कधी पाहिले नाहीत." पण मॅडम हसल्या नायत. मॅडमनी फोटो काढायला पण माणूस आणला होता. तो एकही फोटो न काढता जेवून गेला.

सोमवारी मॅनेजर म्हणाला फेकून द्या. कोण फेकणार? अनंता म्हणाला नोकरी गेली तरी मी नाय. बायका म्हणाल्या आमी नाय. मॅनेजरनं स्वतः एक उचलला, कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेला, त्याच्याकडं बघितलं, आणि परत आणून जागेवर ठेवला. मंगळवारी टेम्पो सापगावात. साठ ससे परत, कुंकवासकट. वर चिठ्ठी, 'विसर्जन आपणच करावे.'

केलं. मग काय करणार! भातसा नदीवर, उतरत्या उन्हात. तात्या धुतलेल्या धोतरात, आत्याच्या हातात ताट, कमरेएवढ्या पाण्यात मी. आणि ते पोकळ ससे बुडेनात! पोटात हवा ना. सोडला की तरंगायचा, गोल फिरायचा, आणि तोंड आमच्याकडं करून थांबायचा. साठच्या साठ! अख्खी नदी आमच्याकडं बघतेय! एकेकाला खांदे धरून खाली दाबत होतो मी. आणि काठावर आणखी वेगळाच घोळ, जयजयकार करायचा तर कोणाचा? तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी आत्याच हात जोडून म्हणाली, "जा रे बाबांनो. आनि पुढल्या वर्षी नाय आलात तरी चालंल."

नदीवरून आलो तर मॅडमचा मेसेज होता. चांगल्या शब्दांत होता, बाई वाईट नायच. 'डोळे खरंच सुंदर होते. पण मला सांगितल्या सांगितल्या करणारा माणूस हवा. दुसरा मुलगा मिळालाय, मितेश म्हणून. तुला शुभेच्छा.' बरोबर आहे. मितेशनं दाबलं असतं. दहा मिनिटांत साठ.

तात्यांना दाखवला नाय मी मेसेज. पण अनंतानं टेम्पोवाल्याकडून नंबर घेऊन त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, डबा, बोट, नोझल, सगळं. रात्रीचं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "तुझा हात थांबला म्हनं?" मी आत्याला ताट नेऊन दिलं. तात्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "यंदा घरच्या गनपतीचा एक डोळा तू काढ." एक! दोन नाय, एक! दुसरा तेच काढणार, म्हणजे माझा बिघडला तर सुधारता येईल.

आत्या भांडी घासता घासता म्हणाली, "बघ, राहिला ना घरात."

आणि मला काय वाटलं विचाराल, तर काय नाय वाटलं. ठाण्याच्या त्या कॉटवर आता मितेश झोपतो. मी इथं आहे. सापगावात. काथ्या पिंजतोय. तात्यांचे साठ ससे मला एका नोकरीला पडले.